कट्ट्यावर न्यायचा ग्लास

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर विमलाकाकूंनी नवऱ्याचं तोंड हुंगायला सुरुवात केली. संध्याकाळी आण्णा बाहेरून आले, चप्पल काढून पाय धुवायला वाकले की काकू काहीतरी निमित्त काढून जवळ जायच्या. कधी टॉवेल द्यायला, कधी शर्टाला लागलेला धागा काढायला. धागा कुठला असायला! नाक तेवढं पुढं असायचं.

याला कारण झाला एक कागद. फेब्रुवारीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या तपासणी शिबिरात आण्णांनी हौसेनं रक्त दिलं, आणि लिव्हरचा जो आकडा चाळिसाच्या आसपास असावा तो एकशे शहाऐंशी निघाला. कागद घेऊन दोघं डॉक्टर तेजस्वींकडे गेली. बाई वयानं लहान, पण बोलायला फटकळ.

"आजोबा, किती घेता? खरं सांगा."

"काय किती?"

"दारू हो."

आण्णांचं नाव नृसिंह, वय अडुसष्ट. बिद्रीच्या साखर कारखान्यात तेहेतीस वर्षं वजनकाट्यावर काढलेली. उसाच्या गाडीचं वजन किलोभरसुद्धा इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो लौकिक ते स्वतःच भेटेल त्याला सांगायचे. त्यांचे कान लाल झाले.

"जन्मात थेंबाला शिवलो न्हाई मी."

"बरं. काढा, भस्म, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या?"

"औषध म्हटलं की मला वकारी येत्या. हिला इचारा की."

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, "काय बी न्हाई."

हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं काकूंना मुळीच वाटलं नाही. कारण त्या जे देत होत्या ते त्यांच्या लेखी औषधच नव्हतं. ती चांदी होती.

गल्लीच्या तोंडाशी मोनाचं पार्लर आहे. भुवया कोरता कोरता ती निळ्या बाटल्याही विकते. बाटलीवर 'रजतधारा' असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत 'नॅनो' असं काहीतरी. मोनानं काकूंना समजावलं होतं, "काकू, चांदी इतकी बारीक केल्या, इतकी बारीक, की डोळ्याला दिसत न्हाई. सरळ रगतात मिसळत्या. वय झालेल्या माणसाची झीज भरून काढत्या बगा." काकूंनी माहेरी तान्ह्या बाळाला चांदीच्या वाटीतून दूध पाजताना पाहिलं होतं. चांदीनं कधी कुणाचं वाईट झालंय? शिवाय घरातच पुरावा होता. सून अस्मिता वर्षभर रोज दहा थेंब पाण्यातून घेत होती. चौतीस वर्षांची पोर, तिला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. उलट चेहरा उजळला म्हणून तिचं आरशाशी गूळपीठ वाढलं होतं.

आण्णांना सांगून दिले असते तर बाटली खिडकीतून बाहेर गेली असती. म्हणून काकूंनी आपली युक्ती काढली. आण्णा रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट कोमट ग्लास हातात देतात. आण्णांना चार जणांनी तोंड लावलेल्या ग्लासाची किळस. ते घरून स्वतःचा ग्लास न्यायचे, स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा. काकू तो विसळायच्या, तळाशी दहा थेंब सोडायच्या, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवायच्या. कट्ट्यावर कृष्णात गवळी झाकण काढून ग्लास थेट म्हशीखाली धरायचा. आण्णा तोवर गप्पांत रंगलेले. असं वर्ष सव्वा वर्ष बिनबोभाट चाललं होतं.

तर घरात औषध नाही, काढा नाही, भस्म नाही. मग लिव्हर बिघडायला राहिलं काय? काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबेचना.

कट्टा घरापासून सात मिनिटांवर. दूध प्यायला पाच मिनिटं. मग हा बाबा सव्वा तास असतो कुठं? खिशात बडीशेपेची पुडी सापडली. बडीशेप कशाला लागते माणसाला, वास लपवायलाच की! आणि गप्पांना सोबती कोण, तर उदयसिंह. फौजेतून निवृत्त झालेला. संध्याकाळी दोन पेग घेतो हे तो स्वतःच छाती पुढं काढून सांगायचा. काकूंनी एकाला एक जोडलं आणि चित्र पुरं झालं. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या ताटात आधी वाढलं, तो माणूस आपल्याला फसवतोय, या विचारानं त्या जेवता जेवता ताटावरून उठायच्या. आणि त्याहून वाईट म्हणजे तो मरेल, ही भीती. लिव्हर गेलेला माणूस काकूंनी भावाच्या रूपानं पाहिला होता. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला होता तो. तसं आण्णांचं व्हायला नको होतं. म्हणूनच तर सगळं हुंगणं चाललं होतं.

एका रविवारी त्यांनी देवघरातली जोतिबाच्या गुलालाची पुडी आणून आण्णांपुढं ठेवली.

"उचला."

"कशापायी?"

"पीत न्हाई म्हणून सांगा, गुलाल हातात घिऊन."

मुलगा मोहित पेपर वाचत होता, त्यानं पेपर आणखी वर धरला. आण्णांनी बायकोकडं पाहिलं. मग चिमूटभर गुलाल घेतला, मुठीत धरला, म्हणाले, "पीत न्हाई." आणि हात न धुता तसेच बाहेर निघून गेले.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. काकू नाही थांबल्या. त्यांना वाटलं, जो माणूस जोतिबाच्या गुलालावर खोटं बोलतो त्याची गत फारच पुढं गेली. संशय असा असतो बघा. त्याच्यापुढं शपथ टाकली तरी तो तीही खातो आणि वर ढेकर देतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी अस्मिताची ओढणी डोक्यावरून घेतली आणि आण्णांच्या मागं निघाल्या. कट्ट्यावर दिवे लागले होते. आण्णा आणि उदयसिंह बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते आणि कशावर तरी खदखदून हसत होते. इतकं हसू काकूंनी घरात वर्षात पाहिलं नव्हतं. ते हसूच त्यांना पुरावा वाटलं. त्या सरळ कृष्णातपुढं जाऊन उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या बाईचा आवाज, त्याला हळू कुठलं ठाऊक!

"काय रं कृष्णात, ह्यो माणूस हितं दूध पितोय, का नुस्ता ग्लास मिरवतोय?"

"वैनी, दूधच की! रोजच्याला एक ग्लास."

"आन् त्याच्यावर काय पितोय? ह्या फौजीसंगं? लिव्हर सडत आलंय ह्यांचं, डॉक्टर सांगत्यात!"

धारेचा आवाज थांबला. ग्लास हातात धरलेले दहा-बारा पुरुष आण्णांकडं बघायला लागले. उदयसिंह काही बोलायला उठला, आण्णांनी त्याला हातानं खाली बसवलं. अर्धा प्यालेला ग्लास तसाच झाकण लावून पिशवीत टाकला आणि घराची वाट धरली. घरी आल्यावर उरलेलं दूध ओतून टाकलं आणि ग्लास फळीवर उपडा ठेवला.

"आजपासनं न्हाई जात," म्हणाले. "आन् दूधबी नको मला."

काकू मनात म्हणाल्या, नका जाऊ की. चोरी सापडली म्हटल्यावर राग येणारच. त्यांनी निळी बाटली तांदळाच्या डब्यामागं सारली. दारू ढोसणाऱ्याला चांदी कशाला पाजायची?

आण्णा घरात बसले. सकाळी अंगणातली झाडं, दुपारी टीव्ही, संध्याकाळी भिंत. उदयसिंह एकदा दारापर्यंत आला, काकूंचं तोंड बघून परत फिरला. मेमध्ये पुन्हा रक्त तपासलं. आकडा अठ्ठावन्न.

काकूंनी शिरा केला. कागद आण्णांपुढं ठेवून त्या म्हणाल्या, "बगा! सोडली तर उतरलं का न्हाई?"

आण्णा कागदाकडं बघत राहिले. तेहेतीस वर्षं काट्यानं दाखवलेला आकडा त्यांनी खरा मानला होता, आणि आता आकडाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता.  त्यांनी शिरा खाल्ला आणि ताट धुवून ठेवलं. ते गप्प राहिले, म्हणजे कबूल झाले, असं काकूंनी धरलं. डॉक्टरीणबाईही हसून म्हणाल्या, "छान आजोबा. असंच चालू द्या." मोहितनं बापाच्या पाठीवर थोपटलं, जसं शाळेत नापास होता होता वाचलेल्या पोराला थोपटतात. त्या दिवशी घरात एकट्या आण्णांनाच ठाऊक होतं की आपण काहीच सोडलेलं नाही.

नवरा सुधारला म्हटल्यावर काकूंची माया परत आली. इतके दिवस लिव्हरचं नुकसान झालं, ते भरून काढायला नको? त्यांनी मोनाला विचारलं. मोना म्हणाली, "दुप्पट द्या काकू, लवकर गुण येईल." दूध तर बंद. मग दुपारच्या ताकात वीस थेंब पडायला लागले. जिरं, मीठ, कोथिंबीर आणि चांदी. आण्णा ताक निमूट प्यायचे. जूनमध्ये भूक कमी झाली. जुलैत जिना चढताना मध्ये थांबायला लागले. ऑगस्टच्या शेवटी आकडा आला दोनशे एकवीस.

आता मात्र काकूंचं गणित चुकलं. कारण आण्णा सहा महिने एकटे घराबाहेर पडलेच नव्हते. तरीही त्यांनी घर पालथं घातलं. पाण्याच्या टाकीमागं बघितलं, जुन्या ट्रंकेत बघितलं, आण्णांच्या गादीखाली हात घातला. उदयसिंहानं कुणाच्या हातून काही पोचवलं का म्हणून मोलकरणीला फैलावर घेतलं. अस्मितानं तेल बदललं का, तेही विचारलं, आणि अस्मिता दोन दिवस फुगून बसली. एका बाईनं आख्ख्या घरावर संशय घेतला, फक्त एकच माणूस तिच्या नजरेतून सुटला होता.

डॉक्टर तेजस्वींनी कागद बाजूला ठेवला. "आता सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. या वयात जरा जोखीम असते, पण इलाज नाही."

"काढा की तुकडा," आण्णा म्हणाले. "त्यातनं तरी खरं निघंल. माझ्या तोंडातनं निघालेलं कुणाला पटंना."

आण्णा बाहेर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी काकूंना थांबवलं. "आजी, तुकडा काढायच्या आधी एक काम करा. आजोबांच्या तोंडात दिवसभरात जे जे जातं, पाण्यासकट, ते सगळं लिहून आणा. फेब्रुवारीपासून काय बदललं, तेही तारखांनिशी."

घरी येऊन काकूंनी अस्मिताला लिहायला बसवलं. चहा, दोन भाकरी, भाजी, भात. "ताक," काकू म्हणाल्या.

"ताकात काय काय?"

"मीठ, जिरं, कोथिंबीर." काकू थांबल्या. "पुढं ल्ही. रात्री..."

"थांबा आई, तारखा बघू या." अस्मितानं भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. काकूंची जुनी सवय. गॅसचं नवं सिलिंडर लावलं की त्या तारखेवर फुली मारायच्या, किती दिवस पुरतं ते कळावं म्हणून. तसंच आण्णांच्या थेंबांची नवी बाटली फोडली की छोटं गोल. आण्णांच्या रक्ताच्या तारखा मोहितनं लाल पेनानं लिहून ठेवल्या होत्या. अस्मितानं फुल्यांवर बोट ठेवलं, "हा गॅस. आणि हे गोल कसले?"

काकूंनी चष्मा लावला. जानेवारीत गोल, फेब्रुवारीत गोल, आणि तिथंच लाल पेनानं एकशे शहाऐंशी. मार्च कोरा. एप्रिल कोरा. मे जवळजवळ सगळा कोरा, आणि कोऱ्या जागेत लाल अठ्ठावन्न. मेच्या शेवटच्या आठवड्यात गोल. जूनमध्ये दोन गोल, जुलैत दोन, ऑगस्टमध्ये दोन. आणि दोनशे एकवीस.

त्यांच्याच हातानं काढलेले गोल. लहान पोरालाही कळावं इतकं स्वच्छ.

"आई? कसले गोल?"

 काकूंनी तांदळाच्या डब्यामागची निळी बाटली पदराखाली घेतली आणि तशाच पायी दवाखाना गाठला. वाटेत त्यांना दोनदा रडू आलं आणि दोनदा त्यांनी ते रागानं पुसलं. राग कुणाचा, हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली, मागचा मजकूर वाचला. "कधीपासून?"

"दीड वरीस. पर बाई, चांदी हाय न्हवं ही? आन् आमची अस्मिता बी घेत्या की! तिला का न्हाई झालं काय?"

"अस्मिता चौतीसची आहे, आजी. तिनंही आजपासून बंद करायचं. हे बघा, चांदीच्या वाटीतून दूध पिणं वेगळं. चांदी वाटीतच राहते. ही चांदी इतकी बारीक केलीय की ती आत शिरते. शरीराला तिचा उपयोग नाही, ती पचत नाही, मग जाते कुठं? बरीचशी लिव्हरमध्ये. तरण्या माणसाचं लिव्हर झाडलोट करून निभावून नेतं. म्हाताऱ्या लिव्हरची झाडलोट मंदावलेली असते. तुमच्या घरात जुनी चहाची गाळणी असेल ना, कितीही घासली तरी बुजत जाते, तसं. म्हाताऱ्या उंदरांवर केलेल्या अभ्यासांत असं दिसलंय. माणसांबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. पण हे तुमचे गोल आणि हे आकडे बघितल्यावर मला तरी दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही."

"मरत्याल का ओ?"

"बंद करा. एकदा उतरलं होतं, पुन्हा उतरेल असं वाटतं. सुईचं तूर्त थांबवू." बाईंनी बाटली टेबलाच्या खणात टाकली आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीही त्यांनाच धरलं होतं. त्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा की," काकू बोलून गेल्या, आणि लगेच मान हलवली. "न्हाई. माझं मीच बगतो."

घरी सांगणं सोपं होतं. स्वयंपाकघरात, चार भिंतींत, हळू आवाजात. पण काकूंना माहीत होतं की अब्रू घरात गेली नव्हती. ती जिथं गेली होती तिथं जाऊनच परत आणायला हवी होती. त्यांनी फळीवरचा ग्लास काढला, पिशवीत टाकला, आणि आण्णांना म्हणाल्या, "चला. कट्ट्यावर जाऊन यीवया."

आण्णा चकित झाले, पण उठले. सात मिनिटांची वाट दोघांनी पंधरा मिनिटांत काढली. आण्णांना दम लागत होता आणि काकूंना पाय उचलवत नव्हते. कट्ट्यावर तीच माणसं होती. उदयसिंह बाकावर एकटा होता. आण्णांना बघून तो सरकून बसला, काकूंना बघून पुन्हा उभा राहिला.

 काकूंनी आवाज मार्चमध्ये होता तेवढाच लावला.

"कृष्णात, आन् समद्यांनीच ऐका. ह्यो माणूस कधी प्यालेला न्हाई. म्या हितं यिऊन बोललो ते खोटं हुतं. ह्यांच्या लिव्हरला जे काय झालंय ते माझ्या हातनं झालंय. ह्या ग्लासात म्या रोज चांदीचं थेंब घालत हुतो, ह्यांना न सांगता. चांगलं व्हावं म्हणून. आन् संशय घेतला ह्यांच्यावर."  "गुलाल उचलायला लावला म्या," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

 म्हशीनं शेपटी मारली. उदयसिंहानं टोपी काढून डोकं खाजवलं.

आण्णा ग्लासाच्या पिशवीकडं बघत उभे होते. त्यांनी बायकोचा दंड धरला आणि तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "कृष्णात, हिलाबी एक ग्लास दे. तुझ्याकडच्या ग्लासात."

पुढचं सगळं चांगलंच झालं. डिसेंबरमध्ये आकडा चव्वेचाळीस आला. भूक परतली, जिना एका दमात चढायला लागले. मोनाच्या पार्लरात काकूंनी जे काय सुनावलं ते गल्लीनं ऐकलं, निळ्या बाटल्या तिथून दिसेनाशा झाल्या. आण्णा पुन्हा रोज कट्ट्यावर जातात, सव्वा तास लावतात, बडीशेप खातात आणि उदयसिंहाबरोबर हसतात. झाल्या गोष्टीवर ते बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. काकूंनी तोंड हुंगणं केव्हाच सोडलंय.

ग्लास मात्र अजून काकूच देतात. विसळतात, कोरड्या फडक्यानं आतून पुसतात, झाकण न लावता उघडाच हातात ठेवतात. आण्णा तो घेतात. दारात उजेड असतो तिथं थांबतात, ग्लास तिरका करून तळाशी बघतात, एकदा नाकाशी नेतात, आणि मग झाकण लावून बाहेर पडतात.